रागाचा पत्ता

मोजणीचा माणूस सकाळी साडेदहाला आला. मे महिना, कातळ तापलेला. परड्याच्या मधोमध दगडांचा गडगा, गडग्याच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला चुलतभाऊ आणि अर्धा इकडे अर्धा तिकडे असा आजोबांच्या हातचा फणस. मोजणीदाराने तिवईवर यंत्र बसवलं, दोन-चार खुणा घेतल्या आणि बुंध्यापासून दोन हात आमच्या बाजूला बोट दाखवून म्हणाला, "हद्द इथून जाते." चुलतभाऊ हसला. बोलला काहीच नाही, नुसता हसला.

माझे कान तापले. हात लावला तर चटका बसेल असे. उजव्या हाताची मूठ आवळली गेली आणि त्या मुठीत, हे आता लिहितानाही बरं वाटत नाही, कोयती होती. झावळं तोडायला सकाळपासून घेतलेली. मी ती गडग्यावर ठेवली आणि विहिरीवर जाऊन कळशीभर पाणी ओढलं. तहान लागली नव्हती, हाताला दुसरं काहीतरी काम हवं होतं. मागून आवाज आला, "अरे, तू मुंबैसून येतलंस नि चार दिसांनी जातलंस. हयसर मी रवतंय. ह्या फणसाची पानां रोज कोण झाडता?"

पानं झाडण्याचा मुद्दा मोजणीच्या नकाशात कुठेच नव्हता. पण त्याचा सगळा राग त्या पानांत होता, हे मला रहाटाची दोरी हातात असताना कळलं. आणि माझा राग? दोन हात जमिनीत दोन माड धड लागत नाहीत. तिच्यासाठी मी मुठी आवळत नव्हतो. मी गाव सोडलं, आणि सोडलं हे त्याने हसून दाखवून दिलं, ते मला झोंबलं होतं. ही गोष्ट मोजणीदाराला सांगता येण्यासारखी नव्हती.

राग आवरण्याबद्दल हल्ली खूप बोललं जातं. आमच्या किनाऱ्यावर तर शनिवार-रविवारची ध्यान शिबिरं निघाली आहेत. माडाखाली चटया, समोर समुद्र, दुपारी सोलकढी. मी त्यांची टिंगल करत नाही. श्वासाकडे लक्ष द्यायला शिकणं चांगलंच आहे. शाळेत शिकवा, पोलीस ठाण्यात शिकवा, तहसीलच्या खिडकीमागे बसणाऱ्यांना तर आधी शिकवा. माझं भांडण आहे ते शिकवण्याच्या हेतूशी. माणूस शांत झाला की काम झालं असं धरून चालतात. माझ्या मते काम तिथे सुरू होतं. राग आवरायचा तो त्याचा खरा पत्ता वाचता यावा म्हणून.

आवरण्यापुरतं बोलायचं तर विज्ञानाने आता बऱ्यापैकी स्पष्ट कौल दिला आहे. आमच्याकडे समज असा की शिमग्यात होळीभोवती पोटभर बोंब मारली, चार शिव्या हासडल्या, की वर्षाची जळमटं निघून जातात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी 2002 साली याची परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांना आधी मुद्दाम डिवचलं, मग काहींना डिवचणाऱ्याला डोळ्यांसमोर आणत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणारे जास्त चिडलेले निघाले. 2024 मध्ये बुशमन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने 154 अभ्यासांतली, दहा हजारांवर माणसांची माहिती एकत्र करून पाहिली. शरीराची तगमग खाली आणणारे उपाय, म्हणजे संथ श्वास, ध्यान, अंग सैल सोडणं, हे राग कमी करतात. तगमग वाढवणारे करत नाहीत, धावायला जाण्याने तर राग उलट वाढलेला दिसला. तेव्हा "भडास काढून टाक" हा सल्ला देणाऱ्याने आता गप्प बसलेलं बरं. शिमगा टिकला तो वेगळ्या कारणाने टिकला असणार. त्यात कुणी एकटा बोंबलत नाही.

माझी स्वतःची शिकवणी इगतपुरीला झाली, सत्यनारायण गोयंकांनी 1976 साली सुरू केलेल्या केंद्रात, विपश्यनेच्या दहा दिवसांच्या मौन शिबिरात. तिथली एक गंमत मराठी माणसालाच कळेल. प्रवचनं हिंदीत. त्यांत सारखं येतं, राग जागला, द्वेष जागला. पहिले दोन दिवस मी समजत होतो की गुरुजी संतापाबद्दल बोलत आहेत, आणि चुलतभावाला आठवून मान डोलावत होतो. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. हिंदीतला, पालीतला राग म्हणजे ओढ, आसक्ती. आपण मराठीत त्याच शब्दाला संताप करून टाकलं आहे. भाषेने हे का केलं ते भाषाशास्त्री सांगतील, मला मात्र आमच्या परड्यातला हिशोब त्यात लागला. फणसाची ओढ नसती तर फणसावरून कान तापले नसते.

दहाव्या दिवशी मौन सुटतं आणि मंगल मैत्री शिकवतात. सगळ्या प्राणिमात्रांचं भलं होवो, असं मनापासून म्हणायचं. मी सगळ्या प्राणिमात्रांपर्यंत गेलो, गडग्यापलीकडच्या एका प्राण्यापाशी अडकलो. तिथून पुढे जायला दहा दिवस पुरत नाहीत, इतकं प्रामाणिकपणे सांगतो.

आता पत्त्याची गोष्ट. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये सुरुवात झाली. त्यानंतरच्या प्रत्येक गणपतीत आम्ही त्या रस्त्याने गावी गेलो आहोत आणि प्रत्येक वेळी कुणीतरी कुणावर तरी खेकसलेलं पाहिलं आहे. माणगावच्या अलीकडे एकदा रात्री दोन वाजता वाहनं ठप्प होती. पुढच्या गाडीतले गृहस्थ उतरले आणि शेजारच्या एसटीच्या चालकावर तुटून पडले. तू मध्ये घुसलास, तुझ्यामुळे कोंडी झाली, वगैरे. चालकाने ऐकून घेतलं, इंजिन बंद केलं, डबा उघडला आणि भाकरी खायला बसला. गृहस्थ आणखी भडकले. मग गाडीतून त्यांच्या बायकोने हाक मारली तर तिच्यावर ओरडले. पोरगं रडायला लागलं, त्यालाही दम मिळाला. रस्ता वर्षानुवर्षं का होत नाही हे विचारायचं ज्याला, तो तिथे नव्हता. म्हणून चालक, मग बायको, मग पोरगं. वड्याचं तेल वांग्यावर, अशी म्हण उगाच पडलेली नाही.

त्या गृहस्थांना दोन मिनिटं कुणी श्वास मोजायला लावले असते तर बायको-पोराची सुटका झाली असती, हे खरं. पण सकाळी घरी पोचल्यावर ते सगळं विसरून मोदक खायला बसले असतील, पुढच्या वर्षी पुन्हा तोच रस्ता. म्हणजे त्यांचा राग जिथे उपयोगी पडला असता तिथवर कधी गेलाच नाही. अर्ज नाही, प्रश्न नाही, मतदानाच्या दिवशी आठवण नाही. नको तिथे सगळा खर्चून टाकला.

कोकणात भावकीची भांडणं जास्त, असं बाहेरचे लोक हसत सांगतात. जणू आमच्या रक्तातच ते आहे. जरा सातबारा उघडून बघावा. एकेका गटावर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी वारलेली. वाटप कधी झालेलंच नाही. एकाची वहिवाट, दुसऱ्याचं नाव, तिसऱ्याची कलमं. शतकभर आणि अधिक इथे खोती, म्हणजे खोतामार्फत गावाचा सारा वसूल करण्याची पद्धत, चालली, खोत आणि कूळ यांच्यातला हिशोब पिढ्यान् पिढ्या कडू होत गेला. 1948 चा कूळकायदा आणि 1949 चा खोती निर्मूलनाचा कायदा आला तेव्हा कागद बदलले, पण प्रत्येक घरात कागद पोचला नाही, पोचला तिथे वाचणारा मुंबईला गिरणीत होता. तो कागद आज नातवंडं वाचत आहेत, गडग्याच्या दोन बाजूंना उभी राहून. जुन्या व्यवस्थेवरचा राग आयता भावाच्या वाट्याला येतो, कारण भाऊ समोर असतो आणि व्यवस्था नसते.

करुणा सुरू होते ती इथे, असं मला वाटतं. समोरच्याचं सगळं माफ करणं, असा तिचा अर्थ मी घेत नाही. हा माणूसही त्याच चाळीस नावांत अडकला आहे, एवढं दिसणं. चुलतभावाने रोज पानं झाडली हे मला दिसलं म्हणून माझी हद्द दोन हात मागे सरकत नाही. मी हरकत घेतली, फेरमोजणीचे पैसे भरले. फक्त त्या दिवसापासून त्याच्याशी बोलताना कोयती हातात नसते.

पण याच करुणेचा एक खोटा अवतार घराघरात आहे आणि त्याच्याबद्दल कुणी शिबिर घेत नाही. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. वडील तेव्हा हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. तरी आमच्याकडे वडील गेले की तेराव्याच्या आसपास हक्कसोडीचा कागद तयार होतो. बहिणीपुढे ठेवताना भाऊ काय म्हणतो? हक्क सोड, असं म्हणत नाही. म्हणतो, तुझं माहेर आहे ना, मायेने सही कर. भाऊबीज, गौरी-गणपती, माहेरची साडी, सगळं त्या एका सहीत येतं. ती थबकली तर घर म्हणतं, हिला राग कसला आला? शांतपणे विचार कर ताई. मायेची, शांततेची, समजूतदारपणाची अपेक्षा जेव्हा नेहमी एकाच बाजूकडून केली जाते, तेव्हा तिला करुणा म्हणू नये. तिला स्वस्तात जमीन मिळवणं म्हणतात.

आणि तिचा राग जातो कुठे? मोठ्याने बोलायची सोय नसलेल्या बाया आमच्या देवळात अवसर आल्यावर, म्हणजे अंगात देवी आल्यावर, काय काय बोलतात ते मी लहानपणापासून ऐकलं आहे. सासू मान खाली घालून ऐकते, नवरा हात जोडून उभा. अवसर गेला की ती बाई पुन्हा चुलीपाशी. देवीचा राग खरा, तिचा खोटा.

"शांत राहा" हे वाक्य कोण कुणाला म्हणतो याकडे म्हणूनच मी आधी बघतो. आणि शांत राहण्याचा खरा अर्थ बघायचा असेल तर मला कोकणातच एक जागा दिसते. महाड.

मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये सदस्य सी. के. बोले यांचा ठराव संमत केला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. कागदावर. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. मग अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव परिषदेच्या मांडवात घुसला, जेवत असलेल्यांना, गावाकडे परत निघालेल्यांना गाठून मारलं. मुक्कामाच्या डाक बंगल्यात बाबासाहेबांभोवती जी माणसं होती त्यांत लष्करात नोकरी केलेले होते, मार खाऊन गप्प बसण्याची सवय नसलेले. ते फक्त शब्दाची वाट बघत होते. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही.

पुढे जे घडलं ते सोडून एवढंच सांगितलं तर ही गोष्ट सहनशीलतेची होते, आणि तशी सांगणारे पुष्कळ आहेत. पुढे असं झालं. तळं बाटलं म्हणून 108 घागरी गोमूत्र, शेण, दूध, दही ओतून ते शुद्ध करून घेण्यात आलं. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. विरोधकांनी दिवाणी कोर्टातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. माणसं तयार होती, नावं नोंदवून, तुरुंगात जायच्या तयारीने. कोर्टाचा अवमान करायचा नाही असं ठरवून बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं, पण 25 डिसेंबरला त्याच महाडमध्ये मनुस्मृती जाळली. जमावातल्या कुणा एकाचं घर जाळलं नाही. मग खटला. मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला. एका घोट पाण्यासाठी दहा वर्षं.

त्या दहा वर्षांत राग विझला होता असं कोण म्हणेल? काठी मारणाऱ्या माणसाच्या मागची पोथी त्यांना दिसली आणि राग तिच्या पत्त्यावर पोचला. धम्मपदात म्हटलं आहे की उसळलेला राग जो भरकटलेल्या रथासारखा आवरतो तोच खरा सारथी, बाकीचे नुसते लगाम धरून बसलेले. रथ आवरतात ते त्याला रस्त्यावर आणून पुढे न्यायला. कोकणातच, अलिबागच्या खारेपाटात, 1933 पासून पुढे सहा वर्षं चरी गावच्या शेतकऱ्यांनी शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून खोतांची जमीन पडीक ठेवली, उपाशी राहून. तीही एक साधनाच होती, तिला नाव कुणी दिलं नाही इतकंच.

हे आठवलं की रापणकराला, म्हणजे किनाऱ्यावरून हाताने जाळं ओढणाऱ्याला, कुणी "पॉझिटिव्ह राहा" म्हणून सांगायला आलं तर मला हसू येत नाही. पर्ससीन, म्हणजे बोटीतून प्रचंड जाळ्याने थवेच्या थवे वेढणाऱ्या, मासेमारीवर राज्याने 2016 मध्ये निर्बंध आणले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. रात्री किनाऱ्यावर उभं राहून समुद्रात उजेड दिसला तर ज्याची रापण रिकामी आली आहे त्याने काय श्वास मोजायचे? मोजावेत, पण एवढ्याचसाठी की शेजारच्या वाडीतल्या पर्ससीनवर खलाशी म्हणून गेलेल्या पोराला त्याने दगड मारू नये. त्या पोराच्या घरीही चूल पेटायची आहे. कायदा राबवायचं काम ज्यांचं, त्यांच्या दारात मात्र रापणकराने पुरेपूर संतापून जावं.

सरकारलाही शांतता आवडते. 15 ऑगस्ट 2007 ला महाराष्ट्रात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कल्पना चांगली होती आणि काही ठिकाणी कोर्टात सडलेली भांडणं खरंच पारावर मिटली. पण बक्षीस होतं तंटे मिटल्याचं. मिटलं की दाबलं, हे मोजायचं माप नव्हतं. समितीत गावातलीच वजनदार माणसं. अशा वेळी ज्याचा आवाज लहान, त्याची समजूत आधी घातली जाते. दिल्लीच्या सरकारी शाळांत 2018 मध्ये रोजचा एक तास आनंदासाठी ठेवला, तो ध्यानाने सुरू व्हायचा. आपल्याकडे असं काही आणायचं तर मला आवडेल, एका अटीवर: त्याच तासाला पोरांना तक्रार अर्ज लिहायलाही शिकवा. मी हे चेष्टेने म्हणत नाही. राग आला, तो अंगात कुठे जाणवला, कुणावर आला, खरं कुणावर यायला हवा होता, आणि त्याला पत्र लिहायचं तर पहिलं वाक्य काय. दहावीच्या पोराला हे जमलं तर तो आमच्यासारखा गडग्यावर कोयती घेऊन उभा राहणार नाही.

आमच्याकडे याचं जुनं रूप आहेच. गाऱ्हाणं. देवापुढे उभं राहून एकजण गावाचं, घराचं दुखणं बोलतो, लांब लांब वाक्यांत, आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मधे कुणी तोंड घालत नाही. बोलणाऱ्यालाही त्या होकारापुरतं थांबावं लागतं. दम खावा लागतो. तक्रार एकट्याची राहत नाही आणि तिला एक पत्ता असतो. दोष आहेतच. गाऱ्हाणं घालण्याचा मान कुणाचा, यावरूनच गावं कोर्टात गेली आहेत, आणि बायकांना तो मान नाही. पण ऐकून घेण्याची ही रीत मोजणीच्या दिवशी वापरायला काय हरकत आहे? यंत्र लावण्याआधी दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटं बोलावं, समोरच्याने ऐकावं. पानांचा विषय तिथे निघाला असता.

आमची फेरमोजणी अजून व्हायची आहे. मधल्या काळात वडिलांच्या वारसनोंदीचा अर्ज करायचा होता. तो लिहायला बसलो तेव्हा बहिणीचा फोन आला, पलीकडच्या मळ्यातली सात कलमं मला हवीत म्हणाली. साध्या आवाजात, बाजारातून काय आणू विचारावं तसं. कान तापले. तेच कान. हा एवढा लेख ज्याच्या डोक्यात तयार होता तो माणूस फोन कानाला लावून मनात म्हणत होता, हिला आत्ताच कसं सुचलं?

मी तिला थोड्या वेळाने फोन करतो म्हणालो. विहिरीवर गेलो नाही, पडवीतच बसून राहिलो, बराच वेळ. मग अर्जावर तिचं नाव माझ्या नावाखाली लिहिलं. तलाठ्याने कागद चाळले आणि विचारलं, "बहिणीची हक्कसोड जोडायची राहिली का?" नाही म्हटलं, जोडायची नाही. त्याने चष्म्यावरून एकदा बघितलं आणि अर्ज गठ्ठ्यात खाली सरकवला.